१ टनी होइस्टचा आयबीम हिशेबात ६.४ मिमी, प्रत्यक्षात १४ मिमी वाकतो – चूक कुठे?

अंबडचा_फिटर
मंडळी, अंबडच्या एका शेडमधला मोनोरेल आहे. माहिती देतो, हिशेब तपासून सांगा.

मोनोरेल (होइस्टची ट्रॉली ज्यावरून धावते तो बीम): आयएसएमबी २००, म्हणजे २०० मिमी उंचीचा आयबीम, स्पॅन ५ मीटर, मध्ये कुठेही आधार नाही.
दोन्ही टोकांना आडवे चॅनेल: आयएसएमसी १५० (१५० मिमी उंचीचं, सी आकाराचं), खांब ते खांब ४ मीटर. मोनोरेल त्यांच्या बरोबर मध्यावर, खालच्या फ्लँजला (आडव्या पट्ट्याला) २० मिमीच्या बोल्टने लटकवलेला.
इलेक्ट्रिक होइस्ट १ टन, ट्रॉलीसकट वजन १२० किलो.

धर्मकाट्यावर वजन केलेला १००० किलोचा माल मध्यावर उचलला. जमिनीवर पट्टी उभी करून बीमचा तळ मोजला, तर १४ मिमी खाली. सूत्राने (पी एल घन भागिले ४८ ई आय; पी म्हणजे माल आणि होइस्ट मिळून भार, एल स्पॅन, ई पोलादाचा ताठरपणा, आय सेक्शनच्या आकाराचा वाकायला विरोध) ६.४ मिमी येतात. फॅब्रिकेटर म्हणतो, 'बीम हलका लागलाय, खाली पट्टी वेल्ड करून देतो.' करू द्यावं का?

---

ओळंबा
पट्टी अजिबात वेल्ड करू देऊ नका. आधी नीट मोजा.

तुम्ही जमिनीपासून मोजलंत. त्यात बीमचा बाक, चॅनेलचा बाक, बोल्टमधली ढिलाई आणि खांबाची हालचाल हे सगळं एकत्र आलं. सूत्र मात्र फक्त बीमचा बाक देतं, तोही टोकं जागची हलत नाहीत असं धरून.

डायल गेज तीन ठिकाणी लावा: मध्य, डावं टोक, उजवं टोक. डायल गेज ज्या स्टँडवर बसवाल तो शेडच्या खांबाला टेकवू नका, जमिनीवर वेगळा उभा करा. मध्याच्या रीडिंगमधून दोन्ही टोकांची सरासरी वजा करा. उरेल तो बीमचा खरा बाक. तीन डायल गेज नसतील तर वरच्या फ्लँजवर टोकापासून टोकापर्यंत पातळ पियानो वायर ओढून ताणा आणि मध्यावर स्टीलच्या पट्टीने अंतर घ्या. तेवढ्याने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत काम भागतं.

आणि माल उतरवल्यावर काटा शून्यावर येतो का, तेही लिहून ठेवा. मला त्यात जास्त रस आहे.

---

वर्नियर_वेडा
सेक्शन खरंच आयएसएमबी २०० आहे का? उंची २०० म्हणजे २०० नव्हे. फ्लँजची रुंदी १०० आणि जाडी (वेब, म्हणजे मधला उभा पत्रा, आणि फ्लँजची कड यांच्या मध्यावर) १०.८ च्या आसपास यायला हवी, वेब ५.७. जुन्या तक्त्यात वजन २५.४ किलो प्रति मीटर. बाजारात हलक्या वजनाचा मालही २०० म्हणून खपतो आणि त्याचा आय दहा-पंधरा टक्के कमी निघाला तर तुमचे ६.४ चे ७.३ होतात. पण १४ होत नाहीत, हेही खरं.

---

अंबडचा_फिटर
वर्नियरने मोजलं: रुंदी १००, जाडी १०.७, वेब ५.८. माल बरोबर आहे.

डायल गेजची रीडिंग:
मध्य १४.०
डावं टोक ७.४
उजवं टोक ७.६
माल उतरवल्यावर पहिल्या वेळी तिन्ही ठिकाणी साधारण १ मिमी खालीच राहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी शून्यावर आलं.

---

ओळंबा
१४ वजा ७.५ म्हणजे ६.५. तुमचा बीम सूत्राशी तंतोतंत वागतोय, त्याला दोष देऊ नका. दोष टोकांकडे आहे.

पहिल्या वेळी राहिलेला १ मिमी म्हणजे बहुधा खांबाकडच्या जोडांतले बोल्ट घसरून भोकाच्या कडेला टेकले. २० मिमीच्या बोल्टला भोक २२ मिमीचं असतं, म्हणजे २ मिमी ढिलाई मुळातच आहे. एकदा टेकले की पुन्हा घसरत नाहीत, म्हणून पुढच्या वेळी शून्य. पण पोलाद पहिल्या वेळी कायमचं वाकलं असतं तरी त्याच भाराला पुढच्या वेळी शून्यच आलं असतं, म्हणून एवढ्यावरून ते वाकलेलं नाही असं म्हणता येत नाही.

---

गोदाकाठ
आपल्याकडच्या द्राक्षाच्या मांडवासारखं आहे हे. झोळ मधल्या तारेला दिसतो म्हणून सगळे तार आवळत बसतात, आणि कलत असतो कोपऱ्याचा खांब.

चॅनेलचा हिशेब कुणी मांडेल का?

---

वाकडा_सरळ
मांडतो. आयएसएमसी १५०: आय ७७९ सेंमी चतुर्थ घात, झेड (मोमेंटला याने भागलं की प्रतिबल मिळतं) १०३.९ घन सेंमी.

माल मोनोरेलच्या मध्यावर असताना प्रत्येक चॅनेलवर निम्मा भार, ५.५ किलोन्यूटन. ४ मीटर स्पॅनवर चॅनेल मध्यावर ४.७ मिमी खाली येतं. वरचे २.८ मिमी बोल्टमधली ढिलाई आणि चॅनेलचा पीळ (त्यावर पुढे बोलतो). बेरीज तुमच्या ७.५ ला जुळली.

पण हे चॅनेलसाठी सोपं स्थान आहे. माल ट्रॉलीने टोकाशी, म्हणजे चॅनेलच्या खाली नेला, की पूर्ण भार एकाच चॅनेलवर. तेव्हा ढिलाई न धरताही चॅनेल ९.४ मिमी वाकतं.

आता प्रतिबल. (स्ट्रेसला 'ताण' म्हटलं की ओढ आणि स्ट्रेस यांचा घोळ होतो, म्हणून पाठ्यपुस्तकी शब्द वापरतोय. शिव्या द्या.) इलेक्ट्रिक होइस्टला आघातासाठी २५ टक्के वाढ धरायची:

(१००० + १२०) × ९.८१ × १.२५ = १३.७३ किलोन्यूटन
चॅनेलच्या मध्यावर मोमेंट (वाकवण्याचा जोर): १३.७३ × ४ ÷ ४ = १३.७३ किलोन्यूटन-मीटर
मोनोरेलचं आणि चॅनेलचं स्वतःचं वजन मिळून आणखी ०.९४
एकूण १४.६७
प्रतिबल = १४.६७ ÷ १०३.९ घन सेंमी = १४१ मेगापास्कल

हे बघून कुणी म्हणेल, २५० च्या (२५० मेगापास्कलला कायमचं वाकू लागणाऱ्या) पोलादाला ०.६६ ने १६५ चालतं, मग काय बिघडलं? बिघडलं ते हे की १६५ हा आकडा वरचा फ्लँज बाजूला सरकू शकत नाही अशा बीमसाठी आहे. इथे ४ मीटरमध्ये वरच्या फ्लँजला कुणी धरलेलंच नाही. दाबाखालचा फ्लँज आडवा पळतो. आयएस ८०० च्या १९८४ च्या आवृत्तीतल्या सूत्राने या चॅनेलला (लांबी भागिले आर वाय, म्हणजे आडव्या दिशेची सेक्शनची त्रिज्या, १८१; उंची भागिले फ्लँजची जाडी १६.७) जेमतेम ९२ मेगापास्कल परवानगी मिळते.

१४१ विरुद्ध ९२. पडायला आलेला भाग चॅनेल आहे.

---

सातपूर_शिफ्ट
बाप रे. आणि सगळ्यांची नजर बीमवर.

---

वाकडा_सरळ
पीळ राहिला होता. चॅनेलचं शिअर सेंटर (जिथे भार दिला तर सेक्शन पिळत नाही ती जागा) वेबच्या आतल्या बाजूला नसतं, पाठीमागे असतं. १५० च्या चॅनेलला ते वेबच्या मध्यापासून साधारण ३० मिमी मागे येतं. मोनोरेल मात्र फ्लँजच्या मध्यावर, म्हणजे वेबच्या पुढे ३५ मिमीवर लटकतोय. भार आणि शिअर सेंटर यांच्यात ६५ मिमी. १३.७३ × ०.०६५ = सुमारे ०.९ किलोन्यूटन-मीटरचा पीळ, आणि उघडा सेक्शन पिळाला अतिशय दुबळा. मोनोरेल बोल्टने धरलेला असल्यामुळे तो थोडा अडवतो, पण त्यामुळे बोल्टना एका बाजूला उपटण्याचा जोर येतो. वरच्या १४१ मध्ये यातलं काहीही धरलेलं नाही.

एकट्या चॅनेलवर लटकता भार देण्याची ही पद्धत इतकी रुळलेली आहे की कुणाला खटकतसुद्धा नाही.

---

वेल्डिंगवाला
माझं मत वेगळं. चॅनेल काढायची गरज नाही. त्याच्या पाठीला दुसरं १५० चं चॅनेल लावा, पाठीला पाठ, ५०० मिमीवर टाके. झेड दुप्पट, पीळही गेला. स्वस्तात काम.

---

ओळंबा
@वेल्डिंगवाला, पाठीला पाठ लावली की सममिती येते हे खरं. पण मोनोरेल अजून जुन्याच चॅनेलच्या फ्लँजला लटकलेला राहील, म्हणजे भार जोडाच्या मध्यावर नसून ३७ मिमी बाजूला. दोन्हींच्या खालून एक जाड पट्टी घेऊन मोनोरेल मध्यावर आणला तरच उपयोग. ते करायला मोनोरेल उतरवावा लागणारच. मग सरळ आयएसएमबी २०० चढवलेला बरा. लागलेल्या चॅनेलला उंचावर, गंज खरवडून, ओव्हरहेड वेल्डिंग करण्यापेक्षा खाली तयार केलेला बीम बोल्टने चढवणं कधीही खात्रीचं.

४ मीटरवर आयएसएमबी २०० चा हिशेब: प्रतिबल ६६ मेगापास्कल, परवानगी त्याच सूत्राने ८६. माल मध्यावर असताना टोक १.६ मिमी खाली, माल टोकाशी असताना ३.३.

---

कॉलेजची_पायरी
एक शंका. मोनोरेलचाही तोच हिशेब लावला तर? तोही ५ मीटर मोकळा आहे.

---

वाकडा_सरळ
चांगला प्रश्न, मी मुद्दाम पुढे ढकलला होता.

मोनोरेल: १३.७३ × ५ ÷ ४ = १७.१७, स्वतःचं वजन ०.७८, एकूण १७.९५ किलोन्यूटन-मीटर. झेड २२३.५. प्रतिबल ८० मेगापास्कल. लांबी भागिले आर वाय २३३, परवानगी ७३.

म्हणजे तोही कागदावर नापास. पण इथे थोडी सूट आहे: ते सूत्र भार सेक्शनच्या मध्यावर धरून आहे. मोनोरेलचा भार खालच्या फ्लँजला लटकतो, आणि लटकता भार बीमला पिळू देण्याऐवजी सरळ करायला बघतो. तोच भार वरच्या फ्लँजवर ठेवला तर उलट होतं, म्हणून तिथे परिणामी लांबी २० टक्के वाढवून धरतात. मी मोनोरेलला आडव्या पळापळीमुळे नापास करणार नाही.

नापास करेन दुसऱ्या कारणासाठी.

---

सातपूर_शिफ्ट
तिरकी ओढ?

---

वाकडा_सरळ
बरोबर. माल ट्रॉलीच्या खाली नसतो, माणसं हूक बाजूला ओढून अडकवतात आणि बटण दाबतात. साखळी ४ मीटर लांब असेल तर हूक ४० सेंमी बाजूला गेला की १० टक्के आडवी ओढ तयार. म्हणजे सुमारे १.१ किलोन्यूटन, मोमेंट १.३७. ही ओढ खालच्या फ्लँजवरच येते, वरचा फ्लँज तिला फारशी मदत करत नाही. एका फ्लँजचा आडवा झेड धरायचा निम्मा, म्हणजे १५ घन सेंमी. निघतात ९२ मेगापास्कल. उभ्या भाराचे ८० मिळवले की १७२. त्यावर ट्रॉलीच्या चाकांनी फ्लँजची कड खाली वाकवायचा स्थानिक भार वेगळा.

जमिनीवर पिवळा पट्टा मारा, माल त्याच पट्ट्यावर आणूनच उचलायचा. नवीन बीमइतकाच हा पट्टा उपयोगी आहे आणि रंगाच्या एका डब्यात होतो.

---

वर्नियर_वेडा
चाकांवरून आठवलं. आयएसएमबीच्या फ्लँजला आतून उतार असतो, वेब आणि फ्लँज यांच्यात ९८ अंश. त्याला उताराचीच चाकं हवीत. सपाट चाकं लावली की ती फक्त कडेवर टेकतात, कडेला चकाकी येते आणि फ्लँज बाहेरून खाली झुकायला लागतो. समांतर फ्लँजच्या सेक्शनला उलट, सपाट चाकं. ट्रॉली जुनी आणि बीम नवा असं करताना इथेच माती खातात. फ्लँजच्या आतल्या बाजूला चाकाचा चमकदार पट्टा किती रुंद आहे बघा. दोन-तीन मिमीची बारीक रेघ दिसली तर चाक चुकीचं आहे.

---

अंबडचा_फिटर
पट्टा रुंद आहे, १५ मिमीच्या वर. चाकं बरोबर असावीत.

म्हणजे चॅनेलच्या जागी आयएसएमबी २०० आणि मोनोरेल आयएसएमबी २५०, असं करू? की मोनोरेल ई३५० (जास्त मजबूत) ग्रेडच्या पोलादाचा २०० च ठेवू? पुरवठादार म्हणतो, मजबूत पोलाद कमी वाकतं.

---

कॉलेजची_पायरी
वाकणं ग्रेडवर नाही ना अवलंबून? ई दोन्हींना सारखाच, २ लाख मेगापास्कल.

---

ओळंबा
बरोबर. २५० चं असो की ३५० चं, त्याच सेक्शनला त्याच भाराखाली तोच बाक येतो. मजबूत पोलाद कायमचं वाकायला उशिरा लागतं, एवढंच. आणि लांब, मोकळ्या बीमला बाजूला पळण्याच्या बाबतीतही ग्रेडचा फायदा फार थोडा मिळतो, कारण तिथेही राज्य ई आणि आर वाय यांचं. पुरवठादाराचं वाक्य विसरा.

आयएसएमबी २५० घ्या: आय ५१३२, बाक ६.४ वरून २.८ मिमीवर. उभं प्रतिबल ४५, तिरक्या ओढीसह ९६. इलेक्ट्रिक क्रेनच्या गर्डरला स्पॅनचा ७५० वा भाग ही मर्यादा लावतात, ५ मीटरला ६.६७ मिमी. जुना बीम त्यात काठावर होता, नवा आरामात.

दोन गोष्टी विसरू नका. फ्लँज १०० वरून १२५ होतो, ट्रॉलीच्या बाजूच्या प्लेटांमधले स्पेसर बदलावे लागतील; दोन्ही बाजूंना सारखेच बदला, नाहीतर हूक मध्यावर राहणार नाही. आणि बीमचा माथा तिथेच ठेवलात तर हूकची उंची ५० मिमीने कमी होईल, मशीनवरून माल जातो का ते आधी मोजा.

---

वेल्डिंगवाला
हे सगळं होईपर्यंत काम बंद ठेवायचं का? ऑर्डर कोण देणार.

---

वाकडा_सरळ
बंद नको, कमी करा. ५०० किलोला चॅनेलचा हिशेब: (५०० + १२०) × ९.८१ × १.२५ = ७.६, अधिक ०.९४, म्हणजे ८.५४ किलोन्यूटन-मीटर. ८२ मेगापास्कल, ९२ च्या आत. पीळ धरलेला नाही, म्हणून याहून वर एक किलोही नको. होइस्टवरची '१ टन' पाटी झाका आणि बीमवर दोन्ही बाजूंना '५००' लिहा. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या शिफ्टला पोचत नाही.

हाताचा चेन ब्लॉक लावला तर आघात १० टक्के धरतात, म्हणून कुणी तो पर्याय सुचवेल. पूर्ण टनाला चॅनेल तरीही ९२ च्या कितीतरी वर जातं. उपयोग नाही.

---

गोदाकाठ
आणि ती पट्टी का नको, हे कुणी स्पष्ट केलं नाही. ओळंबा, तुम्ही सुरुवातीलाच नको म्हणालात.

---

ओळंबा
एक, गरजच नव्हती. बीम सूत्राप्रमाणेच वाकत होता. दोन, खालचा फ्लँज मध्यावर सगळ्यात जास्त ओढीत असतो आणि पट्टी तिथेच संपली तर तिच्या टोकाचं आडवं वेल्ड ही तडा सुरू व्हायची आवडती जागा. दिवसाला शंभर वेळा उचलणाऱ्या होइस्टला हे महत्त्वाचं. तीन, ट्रॉलीचा पिन किंवा फ्रेम फ्लँजच्या तळाजवळून जाते, पट्टी घासेल. चार, लांब वेल्ड एकाच बाजूला पडलं की थंड होताना बीम वेल्डच्या बाजूने आखडतो आणि चाकाखालची वाट वाकडी होते.

त्याच कारणाने खालच्या फ्लँजला मध्यावर भोकही पाडू नका, कंट्रोल बॉक्सची केबल अडकवायला म्हणून हमखास पाडतात. क्लँप वापरा.

---

कॉलेजची_पायरी
आमच्याकडे १२० ओहमचे स्ट्रेन गेज (पोलादावर चिकटवायचे, ताणले की रोध बदलणारे) आहेत. बसवून खात्री करता येईल का? किती बदल दिसेल?

---

वाकडा_सरळ
येईल, पण तापमानाने फसाल.

८० मेगापास्कल भागिले २ लाख = ४०० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे एका मीटरला ०.४ मिमी ताणलं जाणं. गेज फॅक्टर २ धरला तर १२० ओहममध्ये ०.०९६ ओहमचा बदल. मल्टिमीटरवर काहीही दिसणार नाही, ब्रिज (बारीक बदल दाखवणारी चार रोधांची जोडणी) लागणारच. तुम्ही आघाताशिवाय, हळू उचलणार असाल तर अपेक्षित आकडा ८० नसून ६५ मेगापास्कल, त्यातही बीमच्या वजनाचे ३.५ आधीपासून आहेत, ते गेज लावताना शून्यात गेलेले असतील. म्हणजे दिसायला हवेत ३०७ मायक्रोस्ट्रेन.

आणि पत्र्याखाली एप्रिलमध्ये सकाळ ते दुपार पोलाद २० अंशांनी तापलं की नुसतं प्रसरण २४० मायक्रोस्ट्रेन. जवळपास भाराइतकंच! पोलादासाठीचा, तापमान-भरपाईचा गेज घ्या, आणि त्याच पोलादाच्या सुट्या तुकड्यावर दुसरा गेज चिकटवून तो तुकडा बीमवर नुसता ठेवा, ब्रिजच्या शेजारच्या भुजेत जोडा. उष्णता दोघांना सारखी, भार एकालाच. मोजणी सकाळी लवकर करा.

गेज बरोबर मध्यावर, खालच्या फ्लँजच्या तळाला, वेबच्या खाली लावा. कडेला लावलात तर चाकाचा स्थानिक बाकही त्यात मिसळेल. चाक गेजवर आलं असताना रीडिंग घेऊ नका, ट्रॉली ३०० मिमी बाजूला ठेवा आणि मोमेंट त्या जागेचा काढा.

---

अंबडचा_फिटर
काम झालं. आडवे आयएसएमबी २००, मोनोरेल आयएसएमबी २५०, ८.८ ग्रेडचे बोल्ट, उताराचे वॉशर. १००० किलो मध्यावर:
मध्य ५.३
टोकं २.४ आणि २.५
पहिल्या वेळी माल उतरवल्यावर अर्धा मिमी राहिलं, नंतर शून्य.

---

ओळंबा
फरक २.८५, हिशेबात २.८. टोकांच्या २.४ पैकी १.६ बाक, उरलेलं बोल्ट टेकण्यात आणि क्लीटमध्ये (जोडाच्या कोनपट्टीत). छान.

उताराचे वॉशर लावलेत हे बरं केलंत, नाहीतर उतरत्या फ्लँजवर बोल्टच्या डोक्याला वाकवण्याचा ताण बसतो. आठवड्याने सगळे नट पुन्हा पाना लावून तपासा आणि नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा; सरकला तर खालून दिसेल. चाचणी १२५० किलोवर सक्षम व्यक्तीसमोर करून घ्या. वर्षातून किमान एकदा तपासणीची अट १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम २९ पासूनची आहे, तपासणारा बहुतेक होइस्ट आणि साखळी बघून सही करतो. त्याला शिडीवर चढवून टोकाचे बोल्टही दाखवा.

---

सातपूर_शिफ्ट
पिवळा पट्टा मारलात का?

---

अंबडचा_फिटर
मारला. आणि जुनी चॅनेल उतरवून सरळ पट्टीवर ठेवून बघितली, एका चॅनेलला कायमचा बाक ३ मिमी निघाला. टोकाकडच्या मशीनच्या बाजूचं होतं ते.

---

वाकडा_सरळ
ते भंगारात घाला, दुसरीकडे कुठे आधाराला वापरू नका. दुसरं सरळ असेल तर रॅकला चालेल, भोकं मात्र टोकाकडे येतील असं कापा.